मागची काच

दिवसभर परळच्या लॅबमध्ये मी रक्तातल्या पेशी मोजते,
चौकोनात चौकोन, एका डोळ्यानं.
रात्री साडेबाराला, वडाळ्याच्या घरात,
विजेरीवर लाल जिलेटिन गुंडाळून
टाकीच्या काचेवरचे ठिपके.
ठिपके म्हणजे जीव.
जवळ्याच्या डोळ्याएवढे,
झटका देतात, थांबतात, पुन्हा झटका.
काडेपेटीएवढ्या चौकोनात
जानेवारीत बेचाळीस होते.
आज तीन.

चूक माझीच.
श्रीरंगच्या ऑफिसातले जेवायला येणार होते
आणि काचेवर शेवाळ चढलं होतं.
क्रॉफर्ड मार्केटात नौशीरला म्हटलं,
साफ करणारं काहीतरी द्या.
त्यानं दिलं: शंखात राहणारे दहा खेकडे,
दोन कोळंब्या,
एक तारामासा, पाच हाडकुळ्या हातांचा.
"आठवड्यात आरसा होईल, मॅडम."
झाला.
पाहुण्यांनी त्यात बघून केस सारखे केले.
खडकावर दाणा उरेना, कण कुजेना,
रात्रभर नुसती खरवड,
जसं कुणी भांडी घासत बसलंय
आणि घरात शिजवायला काही नाही.

मँडरिन त्यांतला नव्हे.
निळा, अंगावर सांडलेल्या नारिंगी शाईची वळणं.
तो मेलेलं खात नाही.
गोठवलेलं, वाळवलेलं,
लसणाच्या पाण्यात भिजवून पुढं केलेलं
त्याला अन्न वाटतच नाही.
हलतं तेच त्याचं.
दिवसभर खडकावर टिपत फिरायचा,
एक, मग एक, मग एक.
आता फिरतो तसाच,
टिपत काहीच नाही.
पोट आत गेलंय, कल्ल्यांमागं खळगा.
असला चेहरा मला रिपोर्ट न बघता कळतो.

चांगुणाला सांगितलं, बोंबील घेताना.
तिनं कोयता पुसला.
"उपाशी मरतंय? पानी निवल ठेवलंस ना?
निवल पान्यात आमी जालं टाकीत नाय."
आणि वाट्यात एक बोंबील जास्तीचा टाकला.

रविवारी सात खेकडे परत.
अर्धी किंमत, म्हणाला नौशीर.
चालेल म्हटलं.
कोपऱ्यात पोवळ्याच्या खडीचा ढीग रचला,
फटी इतक्या अरुंद की नांगी शिरू नये.
आणि मागची काच पुसणं सोडून दिलं.
"आल्यागेल्याला तीच आधी दिसते," श्रीरंग म्हणाला.
दिसू दे.

तिसऱ्या आठवड्यात खडकामागं
एक गोगलगाय मेली. मला दिसली नाही,
उरलेल्या तिघांना ती संपली नाही.
पाणी दुधाळ. वास ओहोटीच्या शिवडीचा.
रात्री दोनला बादल्या, मीठ, वजनकाटा,
खालच्यांची झोप मोडू नये म्हणून
अनवाणी, टाचा उचलून.
सकाळी नौशीरला फोन: दोन खेकडे राखून ठेवा.
तो हसला नाही.
"तेच देऊ, की दुसरे?"
याचा मी विचारच केला नव्हता.
तेच, म्हटलं.

आता पाच आहेत.
पाच बरोबर का, कुणाला विचारू?
लॅबमध्ये प्रत्येक आकड्यापुढं छापलेलं असतं
किती ते किती म्हणजे ठीक.
इथं माझी वही:
अकरा. चौदा. नऊ (का?).
एकोणीस.

तारामासा ढिगापाशी आलाय.
हाताचं टोक फटीत घालतो, काढून घेतो.
मँडरिन झोपलाय; झोपेत त्याचा रंग उतरतो.
पोट आतच आहे, कालच्याइतकं नाही,
किंवा मला तसं हवंय.
लाल उजेड मागच्या काचेला टेकवते.
शेवाळाच्या हिरव्या खवल्यावर एक झटका.
थांबली.
शेपटीशी दोन पिशव्या, अंड्यांनी गच्च.
पेन उघडं धरून उभी आहे मी,
ही एक लिहावी,
का जरा थांबावं.