हातपंपाचा पाईप

नळयोजना आली तसा
चौकातला हातपंप उपटला.
त्याचा वीस फूट पाईप
दोन उन्हाळे पंचायतीमागं पडून होता.
पावती फाडून घेतला मी, दीडशे रुपयांत.
गुंफाबाई म्हणाली,
"आता घरात बोर मारतं का वं?"

निळकंठ उईकेनं दुपारभर
तेल सोडत आटे पाडले.
पाईप उभा केला तर आतून
मूठभर रेती सांडली.
कोरडीच होती,
तरी त्यानं पाय मागं घेतले.

फळ्या मामाच्या मोडक्या बंडीच्या.
रंधा मारला, तरी एका भोकात
कापसाचं बोंदर अडकलेलं राहिलं.
राहू दिलं.

भिंत मातीची, खिळा धरत नाही.
जमीन सारवलेली, एका अंगाला उतरती.
पोरानं फळीवर गोटी ठेवली;
गोटी थेट चुलीकडं.
पायाखाली खापर. पुन्हा गोटी.
पुन्हा खापर.
चौथ्या खेपेला ती जराशी थरथरली
आणि थांबली.
निळकंठनं तेव्हा कुठं बिडी पेटवली.

पुस्तकं मोजली. अकरा,
त्यात एक पंचांग.
बाकीच्या जागेत मायनं
कुरड्यांचा डबा ठेवला, बॅटरी ठेवली,
आरशाचा तुकडासुद्धा.
"रिकामं कायले ठेवतं? भरन तवा भरन."

गावाला ठाऊक होता तो दांडा.
हा सगळी वर्षं खालीच उभा,
अंधारात, पाण्यात पाय सोडून.
आता कंदिलाच्या उजेडात
पाठ टेकली की गार लागतो.

लाइट गेली
की बॅटरी मात्र हमखास सापडते,
पंचांगाच्या बाजूला.