शिशाएवढी धार

आज रात्री उणे एकतीस, रेडिओवाला म्हणाला,
आणि वर हसलासुद्धा,
डुलुथमध्ये याला हवा म्हणतात.

समोरच्या हेल्मीबाई काठी टेकत आल्या,
वय चौऱ्याऐंशी, बुटांवर बर्फ तसाच,
थेट सिंकखालच्या कपाटाशी वाकल्या,
दोन्ही दारं सताड उघडली.
ही भिंत उत्तरेची, म्हणाल्या,
हिला घरातली ऊब लागू दे.
आणि नळ सोडून ठेव. फार नको.
पेन्सिलीच्या शिशाएवढी धार.

मी मनमाडची.
पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी यायचं,
आणि ते सोडणारा माणूस माझा बाप.
सायकलच्या दांडीला बांधलेली लांब चावी,
खड्ड्यात खांद्यापर्यंत गेलेला हात,
कुठल्या गल्लीला किती आटे
ते मनगटाला पाठ.
आमचा नळ सगळ्यांत शेवटी.
आई रिकाम्या हंड्यांपाशी बसून
बायकांचे टोमणे भरून घ्यायची.
घरात नळ टपकला तर दादा झोपायचे नाहीत,
जुन्या चपलेचं रबर कापून
रात्रीच वायसर घालायचे.

त्यांच्या मुलीनं आज हातानं नळ सोडला,
आणि खाली बादली ठेवली,
कुणी बघत नसताना.

दहाला त्यांचा फोन.
तिकडे सकाळ, चहा, कावळे.
इकडचं तिकडचं काही नाही, एकदम:
"नळ टपकतोय तुझा."

मी सांगितलं.
पाणी गोठतं, फुगतं,
बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे सापडतं
ते तांब्याचा पाइप उभा फाडतं.
मागच्या वर्षी कोपऱ्यावरचे लोक फ्लोरिडाला गेले होते,
परत आले तर छतापासून जिन्यापर्यंत बर्फ.

बराच वेळ काहीच नाही.
वाटलं, फोन कटला.
"म्हणजे दाब," दादा म्हणाले.
"दाबाला वाट ठेवायची."
हो.
"मेन कॉक कुठंय?"
तळघरात, मीटरपाशी.
"फिरवून बघितलास कधी?"
नाही.
"मग जा. फोन घेऊन जा."

कॉक गंजलेला. हलेना.
"झटका मारू नकोस. तेल घाल, थांब.
आता अर्धा आटा पुढं, पाव मागं.
पुढं. मागं."
आणि तो किरकिरत फिरला.
"हं," ते म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं.

तीनला जाग आली ती शांततेनं.
धार थांबलेली.
ओट्याखाली आडवी पडले, अंगात कोट,
हातात केस वाळवायचं यंत्र,
तोटीकडून भिंतीकडे, इंच इंच,
जसं तापलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा,
पण उलटं, हे पोर गारठलेलं.
चाळीस मिनिटं.
मग पाइप खोकला,
दोनदा थुंकला,
आणि वाहायला लागला.

सकाळी पुन्हा फोन.
"आलं का पाणी?"

तीस वर्षं अख्खं गाव
दारादारातून हा प्रश्न त्यांना विचारत होतं.
त्यांनी कुणाला विचारलेला
मी पहिल्यांदाच ऐकला.

आलं, म्हटलं. तीन बादल्या साठल्यात.
"ओतू नकोस," दादा म्हणाले,
"फरशी पुसून घे."