निवाखालचा पुठ्ठा

रोज सकाळी मी आधी पुठ्ठा बघते.
निवाच्या पोटाखाली सरकवलेला, फ्रिजच्या खोक्याचा,
"ही बाजू वर" असं अजून सांगणारा.
काल तीन थेंब. आज पाच, त्यातला एक लांबट,
घाईत कुणी स्वल्पविराम देऊन गेल्यासारखा.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
माझं साचलंय ते काळं,
आणि एक्झॉस्टवर पडून जळणाऱ्या तेलाचा वास
केसांत, फेरीबोटीवरच्या गणवेशात,
तिकीट तपासताना प्रवाशांच्या नाकापर्यंत.

कुरेस्सारेच्या वर्कशॉपने आकडा सांगितला.
गाडी मी त्याच्या निम्म्यात घेतली होती.
नाकापेक्षा मोती जड.
फोन ठेवला आणि दहाचा पाना शोधायला लागले.

जूनमध्ये सारेमावर रात्री अकरालाही दिवा लागत नाही,
हे एक बरं.
डासही तितकेच जागे.
आठ नट काढून बशीत मांडले, निघाले त्याच क्रमाने.
कव्हर निघेना.
बुचाचं जुनं गास्केट हेडला असं चिकटलेलं
की कोण कुठे संपतं ते त्यांनाही ठाऊक नसावं.
लाकडी मुठीने थाप. पुन्हा थाप.
सुटलं ते करपलेल्या पावाच्या कडेसारखं,
तुकड्या-तुकड्यांनी.

कॅमवर फडक्यांचं अंथरूण घातलं, कचरा आत पडू नये म्हणून.
प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, ब्लेडने नाही;
ॲल्युमिनियम ओरखडा विसरत नाही.
नवं बसवलं. मधून कडेकडे, आडवं-तिडवं आवळत गेले,
जोर लावायचा मोह आवरत.
गळणारी गोष्ट फार आवळली की जास्तच गळते,
हे मला गास्केटच्या आधीच कळलेलं.

सकाळी पुठ्ठ्यावर चार थेंब.

शिव्या दिल्या. मग आरसा धरून खाली निजले.
तेल वरून येत नव्हतंच.
इंधनाच्या पंपाच्या मागून येत होतं, हळूच,
आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने.
दोन नट, आणि पंप हातात आला.
मध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा, कात्रीने कापलेला,
तेल पिऊन चॉकलेटी झालेला.
त्यावर छापील अक्षरं. अर्धी.

हेल्दुर कुंपणापाशीच होता. गाडी त्याचीच, माझ्याआधी.
तुकडा बघून त्याने टोपी काढली.
"बाण्णवचा हिवाळा, मारेत. रूबल मेलेला, क्रून जन्मायचा होता,
सुटा भाग कुठून मिळणार?
साल्मेच्या गायनमेळ्याचा कार्यक्रम होता, चांगला जाड.
आठवडाभर बोलली नाही माझ्याशी."
तेहतीस वर्षं टिकला, असंही म्हणाला,
जरा ताठ उभा राहून.

दुकानातलं गास्केट मंगळवारच्या बोटीने येणार होतं.
तोवर ओट्सचं खोकं होतंच.
पंपाचं तोंड पुठ्ठ्यावर दाबलं, तेलाचा ठसा उठला,
ठशाच्या कडेने कात्री फिरवली, भोकं खिळ्याने.
हेल्दुरने एकही सूचना दिली नाही.
त्याला ते किती जड गेलं ते त्याच्या मिशीवरून दिसत होतं.

तेवढ्यात साल्मे आली, हात पिठाचे.
चष्मा लावून तुकडा उजेडाकडे धरला.
"हा माझा कार्यक्रम नव्हे.
माझा निळा होता.
हे तुझं बुद्धिबळाचं प्रमाणपत्र. हे बघ, घोड्याचा कान."
हेल्दुरने बघितला. कानच होता.

"मग माझा कुठे गेला?"

कुणी बोललं नाही.
लांब जुनिपरच्या झुडपांत कोकीळ ओरडत होती,
तीही मध्येच थांबली.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर एकच थेंब,
पण पुढे, रेडिएटरच्या बाजूला,
जिथे साखळीचं कव्हर आहे, लांबलचक, अजून न उघडलेलं.
मी अजून चहाही घेतला नव्हता.
साल्मे कुंपण ओलांडून आलीच होती,
एका हातात स्टूल,
दुसऱ्या हातात दहाचा पाना,
हेल्दुरचा.