बावीस डॉलरची नाणी

शेजारचा डेल्बर्ट म्हणाला, नवंकोरं आहे, माझ्या पंजाला लहान पडतं,
आठवडाभर वागवून बघ, मग सांग. वजनाला तर काहीच नाही.
माझी मापं वेगळी. रॉलिन्समध्ये तीन लाँड्र्या आहेत माझ्या,
सगळ्या क्वार्टर नाण्यांवर चालणाऱ्या,
आणि रात्री पिशव्या मीच उचलते.
तळहातावर घेतलं आणि सांगितलं: बावीस डॉलर.
भरलेलं असेल तर सत्तावीस.
तो हसला. मग एल्कचं मांस तोलायच्या काट्यावर
खरंच ठेवून पाहिलं त्यानं,
आणि मग नाही हसला.

जुनं रिव्हॉल्व्हर भावाचं, हार्लनचं.
त्याला मागे घोडा होता, स्वेटरच्या विणीत अडकणारा.
याला घोडाच नाही. जे ताणलं जातं ते पोटातल्या पोटात,
वरून बघावं तर साबणाची वडी.
खिट्टीही नाही. "खिट्टी म्हणजे तुझं बोट,"
डेल्बर्टनं बोट सरळ धरून दाखवलं,
पोराला गप्प करताना धरतात तसं.
घोडा नाही तर नाही, म्हटलं. मैदान तरी बघू.

मैदान म्हणजे गावाबाहेरची खडीची बंद खाण.
वारा असा की कागदाचं लक्ष्य दोनदा नेब्रास्काकडे निघालं.
दोनशे गोळ्या. चाप आधी ढिला, मग एक भिंत,
मग ती भिंत कधी पडली ते कळतच नाही.
हे चांगलं की वाईट, वहीत लिहिलं नाही.
एकसष्टाव्या गोळीला रिकामं काडतूस
खिडकीतच उभं राहिलं, धुराड्यासारखं.
दोष पिस्तुलाचा, काडतुसाचा, की मनगटाचा?
नाणी उचलून उचलून उजवं मनगट गेलंय.

मग रिकामंच वागवलं, कमरेला, एप्रनखाली.
वाकलं की कळतं.
ड्रायरच्या तळाशी एक मोजा नेहमी राहतो,
त्याच्यासाठी वाकले की मूठ बरगडीत रुतते.
हार्लनची रोवेना मिठी मारता मारता थबकली,
"आत्या, दुखतंय का तुला इथं?"
रात्री उघडलं तर नळीच्या तोंडाशी सुताचा भुगा:
कुणाचा तरी निळा टॉवेल, कुणाचा तरी कुत्रा.
कान साफ करायच्या काडीनं काढला.

आज, गुरुवारी, पावणेअकराला, स्टेशनजवळच्या दुकानात
मागच्या ओळीत एक माणूस. यंत्रं सगळी बंद.
दाढी ओली. हात दिसत नव्हते.
माझा हात एप्रनच्या कडेशी पोचला होता,
मी पाठवायच्या आधी.
पिस्तूल रिकामं आहे, हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं.
"बाई," तो म्हणाला, "हे दुसरं टोक धराल?"
चादर होती. डबल पलंगाची, पिवळ्या फुलांची.

चादरीला दोन्ही हात लागतात.
टोकाला टोक, मग चालत एकमेकांकडे,
शाळेत जबरदस्तीनं शिकवलेल्या नाचासारखं,
मग मागे, ताणून, झटकून, पुन्हा जवळ.
शेवटच्या घडीला त्याची बोटं माझ्या कमरेशी आली
आणि इंचभर अलीकडे थांबली.
त्यानं पाहिलं. त्यानं पाहिलेलं मी पाहिलं.
"तीन महिने झाले," तो म्हणाला, "आता मीच धुतो,"
आणि घडी छातीशी धरून गेला.
बाकीचे कपडे तसेच राहिले टोपलीत.

डेल्बर्टला उद्या सांगायचंय, घेते की नाही.
वहीत लिहिलं: वजन ठीक. मूठ आखूड,
करंगळी लोंबते. चाप बरा. एकसष्ट.
त्याखाली: चादरीची घडी घालताना दिसतं.
मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं,
जरा मोठ्या अक्षरात.
बाहेर वारा दारं तपासतोय एकेक.
पिशव्या अजून गाडीतच आहेत.