नऊ चिठोऱ्या

जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स, रासा,
दारात बूट आपटून बर्फ झाडत म्हणाली,
एवढं लावू का, गेनोवायते?
मी म्हटलं, लाव. भिंत काही खायला मागत नाही.

पावाची फळी आणि नोव्हेंबरात मृतांसाठी लावायच्या
मेणबत्त्यांचं कपाट, यांच्या मधोमध
तिनं ते चार टाचण्यांनी टोचलं.
चित्र कसलंच नाही. वर नुसतं विचारलेलं:
दोन आठवडे झाले, आणि सकाळ होऊनही उजाडत नाही?
खाली झालरीसारख्या कापलेल्या दहा चिठोऱ्या,
प्रत्येकीवर तोच फोन नंबर.

आमच्या गावाला एक तळं, एक चर्च,
लिथुआनियाच्या नकाशावर टाचणीच्या टोकाइतकी जागा,
आणि नावं ठेवायला भरपूर शब्द.
आळशी. दारुडा. नाटकी. बायको नाही म्हणून.
बायको आहे म्हणून.
एका दुखण्याला इतकी टोपणनावं
की खऱ्या नावानं हाक मारायची वेळच येऊ नये.

मागच्या उन्हाळ्यात झेनोनासनं पोळ्यांच्या पेट्या उघडल्या नाहीत.
लिंडेनचा मध, गावातला सगळ्यात चांगला,
तसाच आत राहिला.
लोक म्हणाले, माजलाय.
मीही म्हणाले, खोटं कशाला सांगू,
बटाटे तोलता तोलता म्हणाले,
हातपाय धड आहेत, मग याला झालंय काय?

ऑक्टोबरात त्याला पुरलं
तेव्हाही हातपाय धडच होते.
सगळं गाव आलं,
न बोलावता, वेळेवर.

तर ते पोस्टर.
त्यानंतर माणसं मेणबत्त्यांपाशी रेंगाळू लागली.
बस चालवणारा विदमान्तास पावाची फळी
अशी वाचायचा, जणू पावावर अक्षरं आहेत.
टपालवाली दांगुओले सुट्टे पैसे तीनदा मोजायची,
तिसऱ्यांदा मोजताना नजर भिंतीवर.
हात कुणी लावला नाही.
पहिली चिठोरी फाडली की आवाज होतो,
कागदाचा नव्हे, गावाचा.

दोन आठवडे दहाच्या दहा.
घट्ट मिटलेल्या बत्तिशीसारख्या.

एका संध्याकाळी फळ्या पुसून झाल्यावर
मीच एक फाडली. एक दात पडला
की तोंड जरा माणसाचं दिसतं.
उरल्या नऊ. आता पहिलं कुणीच नव्हतं,
पहिलं होऊन गेलं होतं.

मंगळवारी, दुधाची गाडी येऊन गेल्यावर पाहिलं,
आठ.

कोण? मी खूप आठवलं.
सकाळपासून सतरा गिऱ्हाइकं,
शाळेतला मुलगा धरून.
पुजारी धरून.
कोण ते कळेना, म्हणून मग
सगळ्यांनाच विचारायला लागले.
आधीही विचारायचेच, कसं काय?
आणि उत्तर यायच्या आत तराजूकडे वळायचे.
आता हात गल्ल्यावर ठेवून थांबते.
थांबणं फार अवघड असतं हो,
चीज कापायची सुरी समोर असताना.

विदमान्तास म्हणाला, झोप नाही.
किती दिवस?
बर्फ पडायच्या आधीपासून.
मला शहाणपण काही सुचलं नाही, बरं झालं.
म्हटलं, रासा बुधवारी येते.
मागच्या खोलीत शेगडी पेटवून ठेवते,
तू मागच्या दारानं ये.
तो म्हणाला, पुढच्या दारानं आलो तर?
म्हटलं, तर पाय पुसून ये.

आता सहा आहेत.
रासा नवीन कागद देते म्हणाली, मी नको म्हटलं,
हा असाच बोळका बरा.

माझी चिठोरी एप्रनच्या खिशात राहून गेली.
दोनदा धुतली गेली, शाई उडाली,
नुसता मऊ लगदा उरलाय.
नंबर मात्र पाठ झालाय.
मुद्दाम केला नव्हता.
रात्री, दिवा घालवल्यावर,
आपोआप म्हटला जातो.