शनिवारचा फोटो

तीस वर्षं मी लोकांची हाडं धुतली
परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
लाल दिव्याखाली, हायपोच्या आंबट वासात.
फिल्म पाण्यातून वर यायची
आणि कुणाचं मनगट, कुणाची बरगडी
थेंब गाळत चिमट्याला लटकायची.
रंगाशी माझा संबंध नव्हता.

निवृत्तीच्या पैशांतले थोडे काढून
लॅमिंग्टन रोडला गेले, तेव्हा
हसमुख गालाने विचारलं, मावशी, काय छापणार?
फोटो, म्हटलं.
किती?
ते कोण मोजून सांगणार?
मग त्याने तीन यंत्रं मांडली
स्थळं दाखवावीत तशी:
हे स्वस्त, पण शाई पिऊन घर बुडवेल.
हे लेझर, कागदपत्रांना सरळमार्गी, चेहऱ्यांना कोरडं.
आणि हे सहा बाटल्यांचं,
अंगाने जाड, कामाला हळू,
पण कातडीचा रंग ओळखतं.
मी सहा बाटल्यांना होकार दिला.
खोक्याला सुतळी बांधताना म्हणाला,
आठवड्याला एक तरी फोटो काढायचा हां, रंगीत.
नाहीतर तोंड सुकतं याचं.

शिवडीला, तिसऱ्या मजल्यावर, खाडीच्या बाजूला
पहिल्याच फोटोत भाचीची जुई ओघळत आली,
काजळ हनुवटीपर्यंत.
कागद उलटा घातला होता.
आता बोट ओलं करून कोपऱ्याला लावते,
चिकटेल ती बाजू रंगाची.
यंत्रालाही सांगावं लागतं, कागद चकचकीत आहे बाबा,
नाहीतर ते रेशनकार्डाचा हिशेब धरतं
आणि चेहरे फिके काढतं.
जुलैत तर फोटो वाळेना.
दोन दिवस कपाटावर पसरला, तरी वाघमाऱ्यांच्या पोराचा
अंगठा उमटलाच नवरीच्या गालावर.
तेव्हापासून कोरे कागद पापडाच्या डब्यात.
आमच्याकडच्या बारशाला हिंगाचा वास येतो.

एकदा तीन आठवडे संगमेश्वरला राहिले.
परतले तर सगळे हिरवे, देवसुद्धा.
नॉझल चेक केलं: रेघांची बारीक जाळी,
कुठे तुटली ते बघायचं.
हे मला येतं.
तडा शोधण्यातच हयात गेली.
किरमिजीला दोन ठिकाणी फ्रॅक्चर.
दोनदा सफाई केली, जुळून आलं,
ना प्लास्टर, ना गळ्यात झोळी.

पण छापायचं काय दर शनिवारी?
लग्नं फेब्रुवारीत संपली,
बारसं एकच होतं,
शनिवार मात्र येतच राहिले.
मग छापलं गॅसवरचं दूध, उतू जायच्या अलीकडचं.
रेगेबाईंची मान, केस वर बांधलेली.
बासष्ट वर्षांत त्यांनी ती पाहिलीच नव्हती,
बराच वेळ हातात धरून म्हणाल्या,
इथे तीळ आहे हे कुणी सांगितलं नाही मला.
ओहोटीची खाडी छापली, नुसती राखाडी.
राखाडीच सगळ्यात हट्टी,
कधी हिरवट कलते, कधी जांभळट.
पाचव्या कागदावर चिखल चिखलासारखा आला
आणि मी एकटीच टाळी वाजवली.

परवा ट्रंकेत माझा एक्स-रे सापडला, छातीचा,
एकोणनव्वद सालचा, मीच धुतलेला.
काचेला लावून मोबाईलवर काढला,
मागची खाडीही थोडी आली डाव्या फुप्फुसात.
छापला.
काळ्याची बाटली भरलेली होती,
तरी यंत्राने गुपचूप निळं घेतलं, पिवळं घेतलं.
भिंग लावून बघितलं:
माझ्या बरगड्यांच्या मधे
किरमिजी ठिपके, मोहरीएवढेही नाहीत,
पण आहेत.

गालाला फोन लावला, हे असं का रे?
तो म्हणाला, सेटिंगमध्ये ग्रेस्केल करा, मावशी,
रंगाची शाई वाचेल.
नको, म्हटलं.
तू किरमिजीची एक बाटली काढून ठेव,
सोमवारी येते.