रिक्लेम

कोकण भवनामागच्या गाळ्यात
पानाला ऐंशी रुपये दराने मी भाषांतर करते.
वारसदाखले, कुलमुखत्यारपत्रं,
एकदा एक प्रेमपत्रही, कोर्टात लागणार होतं म्हणून.

आज हसुराम भोईर, राहणार करावे,
दुधाच्या पिशवीत जुना कागद घेऊन आले.
तिसऱ्या ओळीत ‘रिक्लेम्ड लँड’.
सवयीने वाचून दाखवलं, ‘परत मिळवलेली जमीन.’

‘परत?
म्हंजे पयली त्यांची व्हती?
हरवली कदी?’

अडले की मी कोश काढते.
कणा चिकटपट्टीने बांधलेला, जाडा.
मूळ लॅटिन. क्लामारे, ओरडणे.
‘रे’ म्हणजे पुन्हा, उलट, विरुद्ध.
आधी नुसतंच विरोधात ओरडणे.
मग फ्रेंचांकडे जाऊन शब्द शिकारी झाला :
उडालेल्या ससाण्याला हाक मारून
मनगटावर परत बोलावणे.
पुढे वाट चुकलेल्या माणसाला,
मग पडीक रानाला.
समुद्राची पाळी सगळ्यात शेवटी.

एवढं फिरून आलेलं क्रियापद,
आणि कागदावर कर्ताच नाही.
जमीन ‘मिळवली गेली’ आहे,
सर्दी व्हावी तशी.

हसुराम ससाण्यापाशीच थांबलेले.
‘हाक मारून?’
तिवरांत निवट्या धरायला ते जायचे,
आई उघाडीवर उभी राहून
तोंडाशी दोन्ही हात धरायची :
‘हासूऽऽ, भरती आयलीऽऽ’
पाण्यावरून आवाज सरळ यायचा,
मध्ये काही नव्हतंच.
आता तिथं सेक्टर आहे,
जमिनीखाली दोन मजले पार्किंग.
उधाणाला पाणी गाड्यांच्या चाकांपर्यंत येतं,
वॉचमन पंप लावतो.

मराठीत ‘भराव’ आहे. टोपलीचा, डंपरचा शब्द.
त्यात परत नाही, हाक नाही, दावाही नाही.
‘पुनःप्रापण’ आहे, सरकारी,
त्यात मीठसुद्धा नाही.
पेन्सिलीने लिहून पाहिलं :
हाक मारून बोलावलेली जमीन.
जरा वेळ बघत बसले. खोडलं.
खोडरबराचा चुरा फुंकून
‘भराव’ लिहिलं, शिक्का मारला.

त्यांनी शंभराची नोट दिली.
मी वीस परत दिले.

खाली नातू बाइकवर, कानात इअरफोन.
जिन्यातून त्यांनी हाक मारली.
त्याला ऐकू गेली नाही.
मग तोंडाशी दोन्ही हात धरून
पुन्हा.